जोडली, पण दिसेना!

सदर : असं का होतं?

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. तळहातावर मावते, वजनाने एखाद्या पेरूएवढी. आत थाळी गरगर फिरते, पण जेवायला कुणी बसत नाही. तिला तोंड नाही, तरी आजीचा आवाज ऐकवते. डोळे नाहीत, तरी तुमच्या बारशाचे फोटो दाखवते. सांगा पाहू, ती कोण?

बरोबर! बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. कुणी तिला एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह म्हणतं, कुणी नुसतंच ‘हार्डडिस्क’. आपण तिला डबी म्हणू या. पुष्कळ घरांत ती कपाटाच्या खणात, बँकेच्या पासबुकाशेजारी असते. लग्नाचा अल्बम, ताईचा प्रोजेक्ट, बाबांचे हिशेब, सगळं तिच्यात.

आणि एके दिवशी काय होतं? डबी जोडावी, वाट पाहावी, आणि कॉम्प्युटरने तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये! जणू अशी कुणी आलीच नाही. अशा वेळी घरातले सगळे एकदम डॉक्टर होतात. कुणी वायर हलवतं, कुणी डबी टेबलावर आपटतं, कुणी म्हणतं, “ओके दाब, ओके दाब!”

आजच्या सदरात आपण शिकणार आहोत ते हेच. अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, आणि कुठे हात आखडता घ्यायचा.

एक पत्र

सोलापूर जिल्ह्यातल्या एका आठवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलं होतं. तिची आजी जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणायची. बाबांनी पाच वर्षांत, सुट्टीत गावी गेले की, त्या थोड्या थोड्या रेकॉर्ड करून ठेवल्या. एकूण सव्वीस रेकॉर्डिंग. मागच्या वर्षी आजी गेली. वर्षश्राद्धाला सगळ्यांना ओव्या ऐकवायच्या म्हणून डबी बाहेर काढली, तर कॉम्प्युटर ती ओळखेना. डबीतला दिवा लागायचा, आतून ‘टिक्... टिक्’ असा आवाज यायचा आणि दिवा पुन्हा विझायचा. आतेभाऊ म्हणाला, “फॉरमॅट मार, सगळं ठीक होतं.” ती लिहिते, “बाई, दादाला कॉम्प्युटरमधलं खूप कळतं. पण फॉरमॅट म्हणजे नक्की काय, हे विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. म्हणून मी त्याला थांबवलं. चुकलं का माझं?”

मुळीच नाही! जे बटण काय करतं हे सांगता येत नाही, ते दाबायचं नाही. पोरीने लाख मोलाचं काम केलं. का, ते पुढे कळेलच.

आधी डबीच्या पोटात डोकावू

उघडायची नाही बरं का! मनानेच डोकावायचं.

आत काचेची किंवा अॅल्युमिनियमची एक गुळगुळीत तबकडी असते, कधी दोन-तीन असतात. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तुमचा फोटो, आवाज, निबंध हे सगळं त्या थरावर चुंबकाच्या बारीक बारीक खुणांनी लिहिलेलं असतं. या छोट्या डब्यांतली तबकडी पुष्कळदा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. घरातला छताचा पंखा जोरात ठेवला तरी मिनिटाला साधारण साडेतीनशेच फेरे घेतो. करा तुलना!

तबकडीवर एक बारीक दांडी पुढेमागे सरकते. तिच्या टोकाला असतं वाचणारं-लिहिणारं ‘डोकं’, म्हणजे हेड. जुन्या ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकायची, हे मात्र टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर तरंगतं. त्या दोघांतलं अंतर अवघं काही नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. आता सांगा, तिथे धुळीचा एक कण शिरला तर? रस्त्यावर डोंगर येऊन पडावा तसं होईल. म्हणून डबी घरात उघडायची नाही म्हणजे नाही.

ही विद्या जुनी आहे. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबात पावणेचार एमबी! म्हणजे एमपी-थ्री स्वरूपातलं जेमतेम चार मिनिटांचं एक गाणं. आज तुमच्या तळहातावरच्या डबीत तशी लाखो गाणी बसतात.

एक लक्षात ठेवा. आता काही डब्यांत तबकडीच नसते, फक्त चिप्स असतात. त्यांना एसएसडी म्हणतात. त्या मुक्याच असतात. त्यामुळे पुढची आवाजाची परीक्षा त्यांना लागू नाही, बाकी सगळी लागू आहे.

पहिली पायरी : बघा, ऐका, हात लावा

डॉक्टर आधी नाडी बघतात, मग औषध देतात. आपणही तसंच करायचं. डबी टेबलावर सपाट ठेवा, जोडा आणि तीन गोष्टी बघा.

दिवा लागतो का? कान जवळ नेल्यावर हलकी घरघर ऐकू येते का? बोट ठेवल्यावर बारीक थरथर जाणवते का?

तिन्ही ‘हो’ असतील तर निदान तबकडी फिरते आहे. काहीच होत नसेल, तर वीजच पोचत नसेल. आणि ठराविक अंतराने ‘खट्... खट्... खट्’ असा किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच डबी काढा. त्याचं कारण दोनपैकी एक असतं. एक तर विजेचा पुरवठा अपुरा पडतोय, नाहीतर आतलं डोकं दुखावलंय. पहिलं कारण आपण तपासू शकतो, पण तेही एकदाच. वायर आणि खाच बदलून जोडल्यावरही खटखट चालूच राहिली, तर पुन्हा पुन्हा जोडून बघायचं नाही. दुखावलेलं डोकं तबकडीवर घासलं, तर तिथली अक्षरं कायमची खरवडली जातात. ती कुणालाच परत आणता येत नाहीत.

दुसरी पायरी : वायर, खाच आणि वीज

डबी कॉम्प्युटरच्या ज्या खाचेत जोडतो तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. पूर्वी माउसची खाच वेगळी, प्रिंटरची वेगळी, असा सगळा गोंधळ होता. १९९६ साली यूएसबी आलं आणि एकाच प्रकारच्या खाचेत सगळं जोडता येऊ लागलं. इंटेल कंपनीत ज्यांनी हे काम केलं त्यांत अजय भट्ट हे प्रमुख होते. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आहे ना अभिमानाची गोष्ट?

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. आता एक गंमत ऐका. बाजारात काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगसाठीच्या मिळतात. त्यांत विजेच्याच तारा असतात. अशा वायरीने डबी जोडली तर दिवा लागेल, तबकडी फिरेल, पण कॉम्प्युटरला पत्ताही लागणार नाही. निरोप न्यायला तारच नाही, तर निरोप पोचणार कसा?

आता विजेचं पाहू. जुन्या यूएसबी २ च्या खाचेतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३ च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर. यूएसबी ३ ची खाच पुष्कळदा आतून निळी असते. तबकडी फिरत असताना वीज कमी लागते, पण थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवातीला जोर लागतो. भाजीवाल्याची हातगाडी आठवा. चालू असली की एका हाताने जाते. थांबलेली हलवायची म्हटलं की दोन माणसं लागतात! वायर लांबलचक असली, खाच सैल झाली असली, किंवा एकाच हबवर माउस, पंखा, पेनड्राइव्ह असं सगळं लटकवलेलं असलं, की डबीच्या वाट्याला वीज कमी येते. मग ती फिरायला लागते, दमते, थांबते. पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा थांबते. त्याचाच तो ‘टिक्... टिक्’ आवाज.

म्हणून काय करायचं? हब बाजूला ठेवायचा. शक्यतो डबीबरोबर आलेली आखूड वायर वापरायची. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढची खाच सोडून मागची वापरायची, कारण मागच्या खाचा थेट मुख्य पाटीवरच असतात. मग दुसरी वायर, आणि त्यानंतर दुसरा कॉम्प्युटर. मोठ्या आकाराच्या डबीला भिंतीतून वीज देणारा वेगळा अडॅप्टर असतो. तो चालू आहे ना, बघायचं. मात्र पिन बसते म्हणून दुसऱ्याच कसल्या तरी यंत्राचा अडॅप्टर लावायचा नाही. डबी जळायची!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरही बदलली, खाचही बदलली, कॉम्प्युटरही बदलला आणि डबी चालू झाली, तर दोष कशात होता ते कसं कळणार? विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकतो ना? वहीत तीन रकाने आखा : काय बदललं, काय दिसलं, काय ऐकू आलं. पुढे कुणाला दाखवायची वेळ आली, तर हा कागद फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी : शाळेतली तीन रजिस्टरं

समजा, डबी छान घरघरतेय, वायर चांगली आहे, पण पडद्यावर तिचं चित्र येत नाही. आता कॉम्प्युटरच्या आत चौकशी करायची.

आपल्या शाळेत नवा मुलगा येतो, तेव्हा काय होतं? आधी गेटवर शिपाईमामा त्याला बघतात. मग ऑफिसात त्याचं नाव जनरल रजिस्टरला चढतं. शेवटी वर्गात हजेरीपटावर नंबर मिळतो. हजेरीत नाव नाही म्हणजे मुलगा शाळेत आलाच नाही, असं म्हणता येईल का? नाही. तो ऑफिसात बसलेला असेल!

कॉम्प्युटरचंही अगदी असंच आहे. आपण नेहमी ‘धिस पीसी’मध्ये ई, एफ अशी अक्षरं बघतो. तो झाला हजेरीपट. तिथे डबी नाही दिसली, तर मागे जाऊन बाकीची दोन रजिस्टरं बघायची. विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल. तिच्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ अशी दोन नावं आहेत. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच हे करा.

*डिव्हाइस मॅनेजर* म्हणजे गेटवरचे शिपाईमामा. तिथे ‘डिस्क ड्राइव्ह्ज’खाली डबीचं नाव आहे का? नावावर पिवळा त्रिकोण आहे का? त्रिकोण असेल तर कॉम्प्युटरला डबी कळली आहे, पण तिच्याशी बोलणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, बिघडलाय. अशा वेळी डबीच्या नावावर उजवं बटण दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करायचं, डबी काढायची, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि डबी परत जोडायची. घाबरू नका, याने डबीतलं काही पुसलं जात नाही. फक्त दुभाष्या नवा येतो.

*डिस्क मॅनेजमेंट* म्हणजे ऑफिसातलं जनरल रजिस्टर. इथे खाली प्रत्येक डिस्कची एक पट्टी दिसते. डबीच्या पट्टीवर काय लिहिलंय, ते नीट वाचा.

‘हेल्दी’ लिहिलंय, पण अक्षर नाही? मग काम सोपं आहे. तिचं नेहमीचं अक्षर दुसऱ्या कुणी तरी घेतलं असेल. उजवं बटण, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘अॅड’, आणि एक मोकळं अक्षर द्यायचं. मुलगा हजेरीपटावर आला!

‘ऑफलाइन’ लिहिलंय? उजवं बटण दाबून ‘ऑनलाइन’ करायचं.

‘रॉ’ लिहिलंय, ‘अनअॅलोकेटेड’ लिहिलंय, किंवा ‘नॉट इनिशिअलाइझ्ड’ लिहिलंय? थांबा. इथून पुढे काही दाबायचं नाही. खिडकी बंद करा.

आणि ऑफिसातही नाव नाही, गेटवरही नाही? मग पुन्हा दुसऱ्या पायरीवर या. वायर, खाच, वीज. तेही सगळं झालं असेल, तर डबीतली छोटी पाटी बिघडलेली असू शकते. ते काम जाणकाराचं.

कधी कधी डबी ठणठणीत असते, पण भाषा वेगळी असते. कुणी तरी ती अॅपलच्या कॉम्प्युटरवर तयार केलेली असली, तर विंडोजला तिची मांडणी वाचता येत नाही. मोडी लिपीतलं पत्र हातात आलं आणि वाचता आलं नाही, म्हणून आपण ते चुलीत घालतो का? नाही. मोडी वाचणाऱ्याकडे नेतो. तसंच, डबी आधी कोणत्या कॉम्प्युटरला जोडली होती ते आठवा आणि तिथे जोडून बघा.

फॉरमॅट म्हणजे नक्की काय?

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. पडद्यावर एक चौकट येते. तिचा अर्थ असा असतो : ‘ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?’ किती नम्रपणे विचारतो कॉम्प्युटर! वाटतं, हाच उपाय असणार.

पण पुस्तकाचा विचार करा. सुरुवातीला अनुक्रमणिका असते. कोणता धडा कोणत्या पानावर, ते तिथे लिहिलेलं असतं. डबीतही अशीच अनुक्रमणिका असते. ती फाटली, तर कॉम्प्युटरला एकही धडा सापडत नाही आणि तो म्हणतो, ‘हे पुस्तक कोरं करून देऊ का?’ खरं तर धड्यांची पानं आत तशीच असतात!

झटपट फॉरमॅट केला, तर जुनी अनुक्रमणिका टाकून नवी, कोरी अनुक्रमणिका घातली जाते. पानं राहतात, पण आता ती ‘मोकळी’ समजली जातात आणि पुढे जे लिहाल ते त्यांच्यावर लिहिलं जातं. पूर्ण फॉरमॅट केला, तर आजच्या विंडोजमध्ये प्रत्येक पानावर शून्यं लिहिली जातात. मग सारंच संपलं. म्हणजे फॉरमॅटने डबी दुरुस्त झाल्यासारखी दिसते खरी, पण आतल्या ओव्या जातात. डबी तर दुकानात नवी मिळेल, आजीचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार?

‘चेकडिस्क’सारखा दुरुस्तीचा हुकूमही लगेच देऊ नका. तो फाटलेली अनुक्रमणिका आपल्या समजुतीने जुळवतो, आणि त्या गडबडीत काही पानं टाकूनही देतो. आधी जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, मग दुरुस्ती. आणि उतरवायचं ते दुसऱ्या डिस्कवर, त्याच डबीवर नव्हे.

मग ओव्यांचं काय झालं?

मी तिला पायऱ्या लिहून पाठवल्या. तिने बाबांना शेजारी बसवून त्या केल्या. पुढच्या खाचेला दीड मीटरची जुनी वायर लावलेली होती. ती काढून आखूड वायर मागच्या खाचेत लावली, आणि टिकटिक थांबली! डबी एकसारखी घरघरू लागली. म्हणजे डोकं शाबूत होतं, वीजच कमी पडत होती.

पण लगेच पडद्यावर चौकट आली, ‘फॉरमॅट करू का?’ याआधी डबी अर्धवट फिरून थांबली होती, कुणी तरी ती तशीच उपटूनही काढली होती. त्यात अनुक्रमणिका बिघडली. तिने ‘कॅन्सल’ दाबलं आणि डबी काढून ठेवली. बाबा ती शहरातल्या, हरवलेली माहिती परत काढण्याचं काम करणाऱ्या माणसाकडे घेऊन गेले. त्याने डबीची पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि सगळी खटपट त्या प्रतीवर केली. मूळ डबीला पुन्हा हात लावला नाही. चांगल्या कारागिराची ही खूण समजा.

सव्वीसपैकी तेवीस रेकॉर्डिंग पूर्ण निघाली. तीन निघाली नाहीत. त्यांतलं एक आत्याच्या फोनमध्ये सापडलं, कारण बाबांनी ते तिला कधी तरी पाठवलं होतं. उरलेली दोन गेली. पत्रात तिने त्या दोन ओव्यांची नावं लिहिली आहेत, आणि पुढे लिहिलं आहे, “बाई, एक मला अर्धी येते. आत्याला विचारून पूर्ण करून घेणार आहे.”

एकाला दोन, दोनाला तीन

मुलांनो, ते एक रेकॉर्डिंग का वाचलं? दुसरीकडे होतं म्हणून.

तुकोबांच्या गाथेची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या वर आल्या, असं वारकरी श्रद्धेने सांगतात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगतात. अभंग लोकांना तोंडपाठ होते, आणि संताजी जगनाड्यांनी ते लिहून ठेवले. एक वही बुडवता येते, गावोगावच्या माणसांच्या तोंडचे अभंग कसे बुडवणार?

आता एक परदेशातली गोष्ट. ‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. १९९८ साली तो तयार होत असताना पिक्सार कंपनीत एका चुकीच्या हुकुमाने सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत काढायला गेले, तर तीही नीट निघेना. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात गॅलिन ससमन यांना आठवण झाली. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, अगदी बाळासारखा जपत गाडीतून आणला! सिनेमा वाचला आणि १९९९ साली प्रदर्शित झाला.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक, प्रत हवी. दोन, ती प्रत उघडते का, हे मधूनमधून बघायला हवं. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

जाणकारांनी यासाठी एक सोपा आकडा दिलाय : तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या *तीन* प्रती. त्या *दोन* वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, म्हणजे एक कॉम्प्युटरमध्ये, एक डबीत. आणि *एक* प्रत घराबाहेर, म्हणजे मामाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. एकाच डबीत दोन फोल्डर केले म्हणजे दोन प्रती झाल्या, असं समजू नका हं! घागरच फुटली तर वरचं पाणीही गेलं आणि खालचंही.

रोजच्या चार सवयी

१. डबी उपटायची नाही. खालच्या पट्टीतल्या ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’वर जायचं, परवानगी मिळाली की मगच काढायची. कॉम्प्युटर कधी कधी थोडं लिखाण हातात धरून ठेवतो आणि सावकाश डबीत उतरवतो. आपण मध्येच ओढली, की वाक्य अर्धं राहतं.

२. तबकडी फिरत असताना डबी उचलायची, हलवायची, उभी-आडवी करायची नाही. वायर पायात येईल अशी ठेवायची नाही.

३. वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर मोठी कॉपी लॅपटॉपवर करायची, किंवा यूपीएस असलेल्या कॉम्प्युटरवर.

४. बिघडलेली डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, उन्हात तापवायची नाही, ठोकायची नाही. असे उपाय कानावर येतील, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

घरचा अभ्यास

या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांबरोबर बसा आणि वहीत उतरवा. आपल्या घरात एकच प्रत असलेल्या पाच गोष्टी कोणत्या? आजोबांचा आवाज असेल, आईच्या शाळेचा फोटो असेल, शेताचा सातबारा असेल. त्यांतली पहिली निवडा आणि तिची दुसरी प्रत त्याच दिवशी करा. केली की उघडून बघा. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी जुन्या कागदाची झेरॉक्स काढून मावशीकडे ठेवायला द्या. तीही प्रतच!

आणि आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांची एक ओवी, एक गाणं, एक गोष्ट तोंडपाठ करा. ही प्रत ठेवायला वायर लागत नाही, वीजही लागत नाही.

काय केलंत ते मला पत्राने नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात पाहू या, पावसाळ्यात दारं का फुगतात? तोपर्यंत तुम्हीही कारण शोधून ठेवा.

तुमच्या,
बाई